बिनवासाचं घर

आमच्या मामाला कारखान्यात सगळे नाकसाहेब म्हणतात, तोंडावरसुद्धा. त्याला राग येत नाही. काही लोकांच्या नावापुढे डॉक्टर लागतं, तसं ते आपल्याला लागलंय असं तो धरून चालतो.

कारखाना बिअरचा. मामाचं काम कुणाला सांगितलं की माणूस आधी हसतो, मग खुर्ची पुढे ओढतो आणि मग हळूच विचारतो, "एखादी जागा आहे का हो तिकडे?" कारण मामा बिअर चाखायला कामावर जातो. पण ताजी बिअर चाखून वा वा करायला त्याला ठेवलेलं नाही. त्याचं काम शिळ्याचं. बिअर कुठे ठेवली आणि किती दिवस ठेवली तर ती केव्हा बिघडायला लागते, हे त्याने नाकाने आणि जिभेने सांगायचं.

मामा बोलतो कसा ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट ऐकू येईल. वाक्यातल्या शेवटच्या शब्दाआधी तो थांबतो. तोंडात काहीतरी घोळवून बघत असल्यासारखा. "आज बस उशिरा... आली." "तुझे मार्क तसे बरे..." इथे आपला जीव टांगणीला. "...आहेत." त्याची नक्कल करायची असेल तर शेवटच्या शब्दाआधी पाण्याचा एक घोट घ्यावा आणि गिळायची घाई करू नये. बरोब्बर जमते.

कारखान्याच्या मागच्या अंगाला त्याची एक लांबट खोली आहे. एका वेळी जेवढी बिअर बनते तो एक घाणा, आणि प्रत्येक घाण्यातल्या चोवीस बाटल्या या खोलीत येतात. आठ थंड कोठीत, आठ साध्या फळीवर, सहा गरम कपाटात आणि दोन खिडकीत, उन्हाला. गरम कपाटातला एक आठवडा म्हणजे बाहेरचे दोन महिने. मामा या खोलीला पाळणाघर म्हणतो. शेजारच्या यंत्रावरचा फिटर म्हणतो, "पाळणाघर कसलं, वृद्धाश्रम आहे तो. इथून कोणी मोठं होऊन बाहेर पडलेलं बघितलंय का?"

बाटल्या कशा म्हाताऱ्या होतात हे मामाकडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवेन. उन्हात ठेवली तर दहा मिनिटांत रानमांजराच्या अंगासारखा उग्र वास मारायला लागते. तपकिरी काच असेल तर थोडी तग धरते, पांढरी असेल तर देवच राखो. उष्णतेने मात्र हळूहळू जाते. आधी तिचा कडूपणा मुका होतो. मग ती मधासारखी गोडसर लागायला लागते आणि लोक खूश होतात, म्हणतात, "वा, मुरली!" यावर मामा नुसता डोळे मिटून घेतो. "बिअर मुरत नाही," तो म्हणतो, "बिअर... मरते." आणि अगदी शेवटी येतो ओल्या पुठ्ठ्याचा वास. पावसात भिजलेलं खोकं, भिजलेलं वर्तमानपत्र, तसला. तो आला की संपलं.

त्याच्याबरोबर कुठल्या दुकानात जायची सोय नाही. काचेच्या कपाटात बाटल्या मांडलेल्या दिसल्या की हा आत शिरलाच.

"दादा, ही बाटली उन्हात... ठेवलीये."

"मग? गिऱ्हाइकाला दिसायला नको?"

"दिसेल हो. पण पिणार... कोण?"

"तुम्ही घेणार आहात का?"

"मी? छे. मी बाहेरची बिअर... पीत नाही."

"मग कशाला नाक खुपसताय, साहेब?" दुकानदार म्हणतो, आणि आई मामाला दंडाला धरून बाहेर ओढते. पण पुढच्या वेळी जाऊन बघावं, तर बाटल्या काचेच्या कपाटातून आत, अंधाऱ्या फळीवर गेलेल्या असतात, नीट उभ्या. दुकानदार मामाकडे न बघता म्हणतो, "जागा बदलायचीच होती मला."

आता त्याच्या घराचं सांगते, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे.

चाखणाऱ्या माणसाच्या अंगाला वास असून चालत नाही. सुगंधी साबण नाही, सेंट नाही, केसाला तेल नाही. चाखायच्या आदल्या दिवसापासून लसूण नाही, कांदा नाही, सकाळी कॉफी नाही. बाकीचे लोक हे नियम पाळतात आणि सुट्टीच्या दिवशी मोडतात. मामाने घरच नियमासारखं करून टाकलं. त्याच्या फरशीला फिनेल लागत नाही, नुसतं गरम पाणी. कपडे बिनवासाच्या पावडरीत. स्वयंपाक म्हणजे उकडलेलं काहीतरी आणि मीठ. आई दार उघडून आत गेली की दर वेळी एकच बोलते, आणि आई बोलते ते पूर्णविराम न घेता, "अरे दादा घराला काही वास नको का रे माणसाचं घर आहे की दवाखाना नाही दवाखान्यालासुद्धा असतो वास हे काय आहे मग?"

"घर... आहे," मामा म्हणतो.

या घरात पूर्वी मामीही राहायची. मामी शाळेत शिकवायची. तिने वीस वर्षं उकडलेलं खाल्लं, बिनवासाच्या साबणाने अंघोळ केली आणि एक दिवस दूरच्या गावच्या शाळेत बदली मागून घेतली. भांडण झालं नाही. आईला जाताना एवढंच म्हणाली, "या घरात मी आहे की नाही, हे वासावरूनसुद्धा कळत नाही कुणाला." हातातल्या दोन बॅगा घेऊन गेली. बाकीचं सामान तिने सात खोक्यांत भरलं, चिकटपट्टी लावली, प्रत्येकावर तिच्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं: पुस्तकं, हिवाळी कपडे, स्वयंपाकघर. म्हणाली, "गाडी पाठवते."

मामाने खोकी झोपायच्या खोलीत भिंतीला लावून ठेवली, गाडी आली की पटकन उचलता यावीत म्हणून. त्यासाठी पलंग सरकवला. पलंग दाराच्या आड यायला लागला, तेव्हा मामा दार अर्धंच उघडायला शिकला. दर रविवारी तो खोक्यांवरची धूळ पुसतो. उघडलं मात्र एकही नाही. "दुसऱ्याचं सामान," तो म्हणतो, "उघडत... नाहीत."

याला नऊ वर्षं झाली.

कारखान्यात मात्र त्याला माणसं भेटतात. म्हणजे, भेटतात असं म्हणायचं. रोज सकाळी अकरा वाजता सहा जण एका लांब टेबलाशी बसतात. मामाचा चार नंबर. दोन माणसांच्या मध्ये लाकडी फळी, शाळेच्या परीक्षेत कॉपी करू नये म्हणून असावी तशी. वर लाल दिवा, म्हणजे बिअरचा रंग कळू नये. समोर झाकण ठेवलेले पेले, साधं पाणी आणि बिनमिठाचा पाव. बोलायचं नाही, हं करायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही, कारण शेजारच्याच्या मतावर परिणाम होतो. शेजाऱ्यांना मामा आवाजाने ओळखतो. तीन नंबरच्या घशात खरखर आहे. पाच नंबरच्या बाईंचा उजवा बूट कुरकुरतो. पाच नंबरच्या बाईंशी त्याचं अकरा वर्षांतलं सगळ्यात लांब बोलणं असं:

"तुमचं झाकण पडलं."

"हो."

पण वीस मिनिटं का होईना, तो माणसांच्या रांगेत बसतो. शेवटी कागद गोळा होतात आणि चार नंबरने काय लिहिलंय हे बघितल्याशिवाय घाणा बाहेर जात नाही. दिवसभरात त्याला कोणी काही विचारतं ते एवढंच. एकदा सुट्टीच्या दिवशी अकराला तो आमच्याकडे जेवायच्या टेबलाशी बसला होता. त्याने नकळत हाताने डावीकडे चाचपलं, फळी आहे का बघायला. मी बघितलं. हसायला आलं होतं, पण हसले नाही.

यंदा उन्हाळ्यात एक घाणा परत आला. कारखान्यातून जायच्या आधी तो महिनाभर कुठल्यातरी तापलेल्या गोदामात पडून होता, म्हणून पाठवण्याआधी टेबलावर चाखून घेतला होता. पाच जणांनी लिहिलं, शंका आहे. चार नंबरने लिहिलं, ताजी. चार नंबरच्या शब्दावर घाणा गेला. पंधरा दिवसांत दुकानांतून फोन: तुमची बिअर आहे की रद्दी भिजवलेलं पाणी?

टेबलाची प्रमुख एक मॅडम आहे, मामापेक्षा निम्म्या वयाची. चांगली आहे. पण वाईट बातमी सांगायची असली की तिला प्रत्येक पायरीवर 'ना'चा कठडा लागतो. तिने मामाला खोलीत बोलावलं.

"सर, म्हणजे ना, तुमच्यावर ना, कुणाचा अविश्वास नाहीये ना. पण ना, परीक्षा घ्यावी लागेल ना."

परीक्षा अशी असते: तीन पेले, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा ओळखायचा. असं दहा वेळा. सात ओळखले तर जागा राहते. मामा दर वर्षी दहा ओळखायचा, एकदा नऊ, आणि त्या एका वेळेबद्दल अजून वाद घालतो.

यंदा त्याने तीन ओळखले.

"तीन तर ना, सर," मॅडमने वाक्य सुरू केलं. ते मामानेच पूर्ण केलं. "डोळे मिटून बोट ठेवलं तरी... येतात."

उन्हाने मारलेली त्याला कळली, आंबट कळली. चुकले ते सगळे पेले एकाच जातीचे होते, ओल्या पुठ्ठ्याचे. तेवढा एकच वास त्याच्या नाकाला लागत नव्हता. फुलांनी भरलेल्या बागेत एकच झाड न दिसावं तसं.

तीन आठवड्यांनी फेरपरीक्षा ठरली. तोपर्यंत टेबलावर बसायचं नाही. आणि पुन्हा नापास झाला तर गोदामात, बाटल्यांची लेबलं सरळ चिकटलीत का ते बघायला. काम वाईट नाही, सावलीतलं आहे. पण तिथे नाकसाहेब कोणी म्हणणार नाही.

पहिल्या दिवशी सकाळी अकराला तो त्या लांबट खोलीत एकटाच उभा होता. फिटर डोकावला. "काय नाकसाहेब, आज सुट्टी?"

"सर्दी... झालीये," मामा म्हणाला. त्याला नऊ वर्षांत सर्दी झाली नव्हती. एवढं मोठं खोटं तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलला असावा, कारण आईला सांगताना तो त्या खोट्यावरच जास्त वेळ थांबला.

डॉक्टरने नाकात दिवा घालून बघितलं आणि म्हणाला, "नाक उत्तम आहे. वय झालं की होतं थोडं कमी-जास्त." मामा घरी आला. कारखान्यातून दोन बाटल्या मागून आणल्या होत्या, एक थंड कोठीतली, एक गरम कपाटातली. पेल्यांच्या बुडाला खुणा केल्या, डोळे मिटून पेले फिरवले आणि चाखले. त्याला दोन्ही सारख्याच लागल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच पेले फिरवायचे, स्वतःच चुकायचं, आणि चुकलं हे सांगायलाही कोणी नाही.

हे कळल्यावर आईने त्याला उचलूनच आणलं. "काही एक बोलू नकोस कपडे घे चार आणि चल रजा टाक आठ दिवस बस आमच्याकडे एकटा बसून बसून डोक्यात पुठ्ठा भरलाय तुझ्या!"

त्याने येताना गोणपाटात गुंडाळून बारा बाटल्या आणल्या, सहा ताज्या, सहा शिळ्या. आमच्या फ्रीजमधलं दूध, भाजी, सगळं बाहेर आलं आणि बिअर आत गेली. बाबा प्रत्येक गोष्ट प्रश्न करून परत म्हणतात. "बिअर? फ्रीजमध्ये? दूध बाहेर?"

"दूध आजच्या आज... संपेल," मामा म्हणाला.

रोज सकाळी अकराला आमच्या जेवायच्या टेबलावर परीक्षा बसायची. पेले भरायचं काम आईने घेतलं. आईने जन्मात बिअरला हात लावलेला नाही. ती बाटली चिमट्याने धरल्यासारखी धरायची आणि पेल्यात अर्धा फेसच भरायची. "अगं, तिरका धर... पेला." "तिरका धरला तर सांडेल." "नाही सांडत." सांडायची. मग मामा चाखायचा आणि आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत बसायचो. त्याला सवय नाही. तो म्हणाला, "तुम्ही जरा तिकडे... बघा." आम्ही तिघे भिंतीकडे तोंड करून बसलो.

पहिला दिवस, चूक. दुसरा दिवस, चूक. तिसऱ्या दिवशी एक बरोबर आला. बाबा म्हणाले, "बरोबर?" मामा म्हणाला, "योगायोग... असेल." चौथ्या दिवशी तो जेवताना मध्येच थांबला आणि म्हणाला, "तुमच्या माळ्यावर कांदे... आहेत." आई म्हणाली, "मग कुठे असणार?" तो पुन्हा जेवायला लागला. पण त्या दिवशी तो घरभर फिरून वास घेत राहिला. माझ्या दप्तराला पेन्सिलच्या भुशाचा आहे म्हणाला. बाबांच्या बुटांचं काही बोलला नाही, फक्त ते दाराबाहेर ठेवले.

सहाव्या दिवशी आईने पेले मांडले. मामाने पहिला उचलला, नाकाशी नेला आणि चाखलाच नाही. खाली ठेवला. दुसरा, ताजा. तिसरा, ताजा. पुन्हा पहिला उचलला.

"हा," तो म्हणाला. मध्ये थांबलाच नाही.

आईने बुडाची खूण बघितली. बरोबर होतं. मग दुसरी फेरी, बरोबर. तिसरी, बरोबर. आईला आनंदाने रडू आलं. "बरं झालं देवा बरं झालं मी म्हटलंच होतं चार माणसांत राहिला की बरा होईल!"

पण मामाला आनंद झालेला दिसला नाही. तो पहिला पेला हातात धरून बसला होता, झाकण ठेवायचा, काढायचा, पुन्हा ठेवायचा.

"इथे कळतंय," तो म्हणाला. "मग घरी का... कळत नव्हतं?"

त्याच दुपारी तो घरी गेला. आई आणि मीही बरोबर गेलो, कारण आई म्हणाली त्याला एकट्याला सोडायचं नाही. त्याने कुलूप काढलं, दार उघडलं आणि उंबऱ्यावरच उभा राहिला. तसाच उभा, हातात किल्ली. आत शिरेना.

"काय रे दादा?"

"आहे," तो म्हणाला.

मलाही आला. खरं सांगायचं तर तो दर वेळी यायचा. आई म्हणायची घराला वास नाही, पण वास होता. फिका, ओलसर, जुन्या रद्दीचा. मला वाटायचं, बिनवासाच्या घराचा असाच येत असेल.

मामा सरळ झोपायच्या खोलीत गेला, अर्ध्या उघडणाऱ्या दारातून आडवा होऊन. भिंतीपलीकडे न्हाणीघर आहे. नळाला कुठेतरी बारीक गळती असणार, भिंतीला खालून ओल चढलेली. खालची तीन खोकी ओल पिऊन बसली होती. वरून कोरडी, पुसलेली, मामीचं अक्षर स्वच्छ. खाली बोट लावलं तर पुठ्ठा शिळ्या पावासारखा दबत होता.

या वासात तो झोपत होता, उठत होता, नाक त्यात बुडवून कारखान्यात जात होता. दहा मिनिटं उन्हात राहिलेली बाटली ओळखणारा माणूस. घरातून साबण काढला, सेंट काढला, फिनेल काढलं. एखादा वास रोज मिळाला की नाक तो सांगायचं बंद करतं, हे त्याला माहीत नाही असं नाही. नव्या लोकांना तोच शिकवतो.

"फेकून दे आत्ताच्या आत्ता मी भंगारवाल्याला बोलावते," आई म्हणाली.

"दुसऱ्याचं सामान... आहे."

"अरे नऊ वर्षं!"

"गाडी पाठवते म्हणाली होती."

आई बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. 

संध्याकाळी त्याने मामीला फोन केला. आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो होतो. नंतर त्याने आईला सगळं सांगितलं, दोन्हीकडचं.

"बोला."

"सामान न्यायचं... राहिलंय."

"कुठलं सामान?"

"सात खोकी."

"अहो, ती अजून आहेत? मला वाटलं तुम्ही केव्हाच देऊन टाकलीत कुणाला. टाकून द्या."

"उघडून... बघू?"

"बघा की. त्यात विचारायचं काय? तब्येत बरी आहे ना?"

"हो."

"बरं मग. ठेवते, पोरं आलीत शिकवणीची."

हे सांगताना त्याने मामीचा आवाज काढला. तो बारीक 'अहो', त्यातलं हसू, 'ठेवते' म्हणताना घाईत गिळलेला शेवट. आमच्या घरात नकला मीच करते असं मला वाटत होतं. नऊ वर्षांत क्वचित फोनवर भेटलेलं माणूस त्याने जसंच्या तसं समोर उभं केलं, आणि त्याला ते कळलंही नाही. मी त्या दिवसापासून मामीची नक्कल करत नाही.

खोकी उघडली. हिवाळी कपड्यांना काळे ठिपके पडले होते. पुस्तकं एकमेकांना चिकटून एकच जाड पुस्तक झालं होतं. आई एकेक उचलून "हे गेलं, हेही गेलं" म्हणत होती, आणि मामा ते तिच्या हातातून घेऊन, एकदा नाकाशी नेऊन, गोणीत टाकत होता. स्वयंपाकघर लिहिलेल्या खोक्यात भांडी होती, ती धड होती. त्यांच्यात एक घट्ट झाकणाचा डबा, वर चिकटवलेली पट्टी, 'साखर'. आईने झाकण काढलं. आत साखर नव्हती. साबण होते, गुलाबी, तीन नवे वेष्टनातले आणि एक अर्धा वापरलेला.

आई तोंडावर हात ठेवून हसायला लागली. "बघ! लपवून ठेवायची! आणि म्हणे नाकसाहेब! तुला कधी कळलं नाही!"

"कळायचं," मामा म्हणाला.

आईने तोंडावरचा हात खाली घेतला.

"शनिवारी संध्याकाळी यायचा. रविवारी टेबल नसायचं ना. सोमवारपर्यंत जायचा... वास." त्याने अर्धा साबण हातात घेतला. त्याला भेगा पडल्या होत्या. "मी काही... बोललो नाही."

"का नाही बोललास रे?"

"बोललो असतो तर बंद करायला सांगावं... लागलं असतं."

भंगारवाला येऊन सगळं घेऊन गेला. मामाने नळ दुरुस्त करून घेतला, भिंतीचा ओला गिलावा खरवडून नवा करवला, खिडक्या उघड्या ठेवल्या. पलंग पूर्वीच्या जागी सरकवला. दार पूर्ण उघडायला लागलं, तरी पहिले काही दिवस तो आडवा होऊनच आत जायचा. आम्ही म्हटलं, भिंत वाळेपर्यंत आमच्याकडेच राहा. तो राहिला. दुधाने पुन्हा दिवस बाहेर काढले.

फेरपरीक्षेच्या दिवशी फळी, लाल दिवा, झाकणाचे पेले, सगळं नेहमीसारखं. तीन नंबरची खरखर, पाच नंबरचा बूट. वेगळा पेला ओळखला की त्यात काय वेगळं आहे तेही लिहायचं असतं. मामाने दहापैकी नऊ ओळखले. मॅडमने कागद वाचता वाचता त्याला हाक मारली.

"सर, अभिनंदन ना! पण ना, हे सहाव्या पेल्याला ना, तुम्ही काय लिहिलंय?"

मामाने वाकून बघितलं. वासाच्या रकान्यात त्याच्या अक्षरात लिहिलं होतं: आमची झोपायची खोली.

"असं ना, यादीत नाहीये ना, सर."

"हो हो," मामा म्हणाला. त्याने ते खोडलं आणि शेजारी लिहिलं, ओला पुठ्ठा.

बाहेर पडताना पाच नंबरच्या बाई दाराशी उभ्या होत्या. "बरं वाटतंय का आता? सर्दी होती ना तुम्हाला?"

"हो," मामा म्हणाला. "गेली."

म्हणजे आता त्यांचं सगळ्यात लांब बोलणं हे.

नंतर एका रविवारी मी मामाकडे गेले, आईने दिलेला डबा घेऊन. त्याने दार उघडलं. घराला आता खरोखरच काही वास नाही. रद्दीचा नाही, ओलीचा नाही. फार शांत खोलीत कान दुखतात, तसं आत गेल्यावर नाकाचं होतं. खोलीत भिंतीशी सात खोक्यांच्या जागी फरशी अजून वेगळ्या रंगाची दिसते, चौकोनी.

मी डबा त्याच्या हातात दिला आणि थांबले.

"मामा, तुझ्या हाताला वास येतोय."

"कसला?" तो म्हणाला. पण त्याला माहीत होतं.

न्हाणीघराच्या खिडकीत पाण्याने भिजून मऊ झालेला गुलाबी तुकडा होता, अर्ध्याचा पाव झालेला. वास अगदी थोडा राहिलाय त्याला. नऊ वर्षांत बराचसा डब्यातच उडून गेला असणार. हाताच्या अगदी जवळ गेलं तरच येतो.

"उद्यापर्यंत... जातो," मामा म्हणाला, आणि डबा उघडून आत काय आहे ते बघायला लागला.